डॅफोडिलचे फोटो कसे काढावेत: आधी अर्थ, मग कॅमेरा

आपल्यापैकी अनेकांची डॅफोडिलशी ओळख झाली ती शाळेत, इंग्रजीच्या पुस्तकात. कविता पाठ झाली, परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिले, पण फूल डोळ्यांनी पाहायला मिळाले ते पुढे कधीतरी, शिकायला, नोकरीला किंवा मुलाकडे ब्रिटनला गेल्यावर. मार्च उजाडला की तिथे रस्त्याकडेचे गवत, बागांचे उतार, चर्चची आवारे पिवळी होऊ लागतात. लगेच मोबाइल बाहेर निघतो, भराभर फोटो निघतात आणि घरी येऊन पाहावे तर हिरव्या गवतावर पिवळे ठिपके. जे पाहून पाऊल थबकले होते ते फोटोत उतरलेलेच नसते.

यात कॅमेऱ्याचा दोष फार थोडा असतो. डॅफोडिल या एका फुलाला माणसांनी वेगवेगळे अर्थ दिले आहेत: स्वतःच्या रूपात हरवलेला तरुण, वाऱ्यावर डोलणारा घोळका, प्रियेचा डोळा, मरणानंतरची आशा. हे सगळे एका फोटोत मावत नाहीत. आपल्याला यातले काय टिपायचे आहे ते आधी ठरवले, की कॅमेरा कुठे ठेवायचा, ऊन कोणत्या बाजूने घ्यायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात. म्हणून या लेखात यंत्राच्या आकड्यांआधी अर्थ घेतले आहेत.

पायरी १: खाली बसा आणि फुलाची ठेवण पाहा

डॅफोडिल हे नार्सिसस प्रजातीतले, कंदापासून येणारे फूल. मागे सहा पाकळ्यांचे चक्र आणि मधोमध पुढे आलेली तुतारी. तुतारीच्या आत सहा पुंकेसर आणि त्यांच्यामध्ये एक स्त्रीकेसर. देठ सरळ वर येतो आणि फुलाच्या मागे एकदम वाकतो, त्यामुळे फूल आकाशाकडे न बघता समोर किंवा किंचित खाली बघते. त्या वाकणापाशी तपकिरी, कागदासारखे पातळ आवरण चिकटलेले दिसते. कळी त्यातूनच फुटलेली असते. फोटो 'स्वच्छ' दिसावा म्हणून काही जण ते आवरण खुडतात किंवा नंतर संगणकावर पुसतात. माझे मत विचाराल तर ते राहू द्या. सुकलेले आवरण आणि त्यातून आलेले ताजे फूल शेजारी शेजारी दिसते, तेव्हा या फुलाची निम्मी गोष्ट सांगून झालेली असते.

देठाच्या या वाकणामुळे उभ्याने काढलेल्या फोटोत फुलांच्या फक्त पाठी येतात. रानटी डॅफोडिल तर जेमतेम वीत-दीड वीत उंच असते. कॅमेरा फुलाच्या उंचीवर न्यायचा म्हणजे गुडघे टेकायचे, प्रसंगी आडवे व्हायचे. सोबत प्लॅस्टिकची जाड घडी ठेवा, कारण ब्रिटनमधले मार्चचे गवत बहुतेक वेळा ओले असते.

आणखी एक पाहून ठेवा: समोरची फुले रानटी आहेत की बागेतली? रानटी फुलाच्या पाकळ्या फिक्या आणि तुतारी गडद पिवळी असते. बागेतली मोठी फुले सहसा एकाच भडक पिवळ्या रंगाची. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकामाच्या संस्थेने डॅफोडिलचे १३ गट पाडले आहेत आणि त्यांत हजारो वाण मोडतात. ती नावे पाठ करायची गरज नाही. फक्त आपल्यासमोरच्या फुलात दोन पिवळे आहेत की एकच, एवढे लक्षात घ्या. दोन असतील तर मऊ, ढगाळ उजेडातही तुतारी पाकळ्यांपासून उठून दिसते. एकच असेल तर आकार दाखवायला तिरप्या उन्हाची सावली लागते.

पायरी २: कोणता अर्थ टिपायचा ते ठरवा

*वाऱ्यातला घोळका*

१५ एप्रिल १८०२. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर सरोवराच्या काठाने इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी घरी परतत होते. त्या दिवशी जोराचा वारा सुटला होता. ग्लेनकॉइन खाडीच्या आसपास त्यांना काठाकाठाने पसरलेली डॅफोडिल दिसली. डोरोथीने रोजनिशीत त्यांचे वर्णन केले: काही फुलांनी दमून दगडांवर उशीसारखी डोकी टेकली होती आणि बाकीची वाऱ्यात झोकांड्या खात नाचत होती. विल्यमची प्रसिद्ध 'डॅफोडिल्स' कविता, आपण शाळेत शिकलो तीच, त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी लिहिली गेली आणि १८०७ मध्ये छापली गेली. कवितेत तो एकटाच भटकतो, बहीण कुठे दिसत नाही. पण नाच दोघांच्याही लिखाणात आहे आणि तो नाच वाऱ्याचा आहे.

फुलांचे फोटो काढणारे एरवी वाऱ्याला वैतागतात. इथे मात्र वारा हाच विषय आहे, तेव्हा त्या दिवशी घरी बसू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा, आयएसओ (कॅमेऱ्याच्या सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ठेवा, अपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान आणि मागेपुढे जास्त भाग स्पष्ट) एफ/१६ आणि शटर १/१५ ते १/४ सेकंद. दिवसा एवढा वेळ शटर उघडे ठेवले तर फोटो पांढरा पडतो, म्हणून उजेड कमी करणारी एनडी फिल्टरची काळी काच लावा. चौकटीत हलणार नाही असे काहीतरी हवेच: दगड, झाडाचा बुंधा, जुनी भिंत. ते स्पष्ट आले की फुलांचे अस्पष्ट होणे हालचाल म्हणून वाचले जाते, नाहीतर हात हलल्यासारखे वाटते. एकाच जागेवरून भरपूर फोटो घ्या. वाऱ्याची प्रत्येक झुळूक वेगळी असते आणि एखादेच फूल नेमके स्थिर राहून बाकीची फिरलेली असतात, तो फोटो सगळ्यांत चांगला निघतो.

डोरोथीच्या निरीक्षणातून आणखी एक फोटो सुचतो. दगडावर डोके टेकलेले एखादे फूल खरोखरच शोधा. गर्दीच्या फोटोंमध्ये असा एक दमलेल्या फुलाचा फोटो असला की मालिकेला जीव येतो.

घोळका दाट दिसायला हवा असेल तर रुंद कोनाची लेन्स टाळा. तिने फुलांमधले अंतर वाढते आणि मधले गवतच जास्त दिसते. १३५ ते २०० मिलिमीटरची लेन्स घ्या, वाटेवरूनच, फुलांच्या उंचीवरून, ताटव्याच्या लांबीच्या दिशेने नेम धरा. मागची फुले पुढच्यांच्या जवळ सरकल्यासारखी दिसतात आणि विरळ ताटवाही भरगच्च वाटतो. अगदी जवळची दोन-तीन फुले मुद्दाम लेन्ससमोर धूसर येऊ द्या.

*पाण्यावर झुकलेली मान*

ग्रीक कथेतला नार्सिसस हा देखणा शिकारी. एको नावाच्या वनदेवीचे प्रेम त्याने झिडकारले. पुढे तळ्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून तो त्याच्याच मोहात पडला आणि तिथेच झुरून संपला. त्याच्या जागी जे फूल उमलले त्याला त्याचे नाव मिळाले. फुलाची वाकलेली मान पाहिली की ही कथा कुठून आली असेल ते कळते.

हा अर्थ टिपायला एकच फूल पुरे, आणि ते बाजूने. समोरून तुतारी दिसते, पण मान दिसत नाही. बाजूने पाहिले की देठाची सरळ रेघ, तिचे वाकण आणि खाली वळलेली तुतारी असा पूर्ण आकार मिळतो. पार्श्वभूमी गडद आणि दूरची निवडा, सावलीतली झाडी सगळ्यांत चांगली. १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, लेन्स आणि एफ/४ च्या आसपासचे अपर्चर ठेवले तर मागचे सगळे विरघळते. फूल ज्या दिशेला झुकले आहे त्या बाजूला चौकटीत रिकामी जागा सोडा. त्या रिकाम्या जागेत खाली पाणी असेल तर आणखी काय हवे!

तळ्याकाठी प्रतिबिंबासह फोटो घ्यायचा तर पहाटेची शांत हवा गाठा. पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी काढतो, पण त्याबरोबर प्रतिबिंबही पुसतो. तो फिरवून पाहा किंवा सरळ काढून ठेवा. फोकस फुलावर की प्रतिबिंबावर? मी प्रतिबिंबावर ठेवीन. नार्सिसस तेच पाहत होता.

*डोळा*

नार्सिससला फारसीत नर्गिस म्हणतात, आणि फारसी आणि उर्दू कवितेत नर्गिस म्हणजे डोळा. गझल ऐकणाऱ्या मराठी रसिकांना ही प्रतिमा परकी नाही. ती कळायची तर 'पोएटिकस' हे फूल पाहा: पांढऱ्या शुभ्र पाकळ्या, मध्ये अगदी आखूड पिवळी वाटी आणि तिच्या कडेला लालसर किनार. डॅफोडिलच्या हंगामात हे उशिरा, एप्रिल-मेमध्ये फुलते.

फोटो अगदी समोरून घ्या. कॅमेऱ्याचा सेन्सर फुलाच्या तोंडाला समांतर ठेवला की एफ/५.६ लाही सगळ्या पाकळ्या स्पष्ट येतात. फोकस त्या लाल किनारीवर. पिवळ्या मोठ्या तुतारीच्या फुलाचा समोरून फोटो घेताना मात्र अडचण येते. तुतारी खोल असते आणि एवढ्या जवळून काही मिलिमीटरच स्पष्ट येतात. अशा वेळी तुतारीची पुढची झालर स्पष्ट ठेवा आणि पाकळ्या धूसर होऊ द्या, किंवा एफ/११ पर्यंत जा. हवा पूर्ण स्थिर असेल तर फोकस थोडा थोडा मागे सरकवत अनेक फोटो घेऊन संगणकावर एकत्र करता येतात, पण उघड्या माळावर तेवढी स्थिर हवा क्वचितच मिळते.

*थंडीतून वर आलेली आशा*

मला सगळ्यांत जवळचा वाटणारा अर्थ हा, आणि टिपायला अवघडही हाच. ग्रीकांचीच दुसरी कथा: पर्सिफोनी कुरणात फुले खुडत होती, एका विलक्षण नार्सिससला तिने हात घातला आणि जमीन दुभंगली. पाताळाचा राजा हेडिस तिला घेऊन गेला. तिच्या आईने, डिमिटरने, धान्य उगवणे थांबवले. शेवटी तडजोड झाली, आणि पर्सिफोनी दर वर्षी वर येते तेव्हा वसंत येतो. म्हणजे हे फूल मरण आणि वसंत यांच्या उंबरठ्यावरचे आहे. ब्रिटनमध्ये जुन्या थडग्यांच्या मधोमध उगवलेली डॅफोडिल पाहताना ही कथा मुद्दाम आठवावी लागत नाही.

आजही लोक या फुलाकडे असेच पाहतात. वेल्समध्ये १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, लोक छातीवर डॅफोडिल लावतात. 'मेरी क्युरी' ही ब्रिटिश संस्था शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करते. तिची डॅफोडिल मोहीम १९८६ पासून चालू आहे आणि मार्चमध्ये असंख्य कोटांवर ते पिवळे बिल्ले दिसतात. कॅनडातही १९५० च्या दशकापासून कर्करोगाविरुद्धच्या कामाशी हे फूल जोडलेले आहे. आशेचे हे नाते औषधापर्यंतही पोहोचले आहे: स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात दिले जाणारे गॅलँटामाइन हे द्रव्य डॅफोडिलमध्ये असते आणि त्यासाठी वेल्सच्या डोंगरांत त्याची शेती केली गेली आहे.

फोटोत आशा दाखवायची तर फुलाबरोबर थंडीही दिसली पाहिजे. नुसते फूल गोड दिसेल, पण सांगणार काहीच नाही. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला जा, सगळे फुललेले असताना नको. निष्पर्ण झाडे, गेल्या वर्षीचा काळपट पाचोळा, त्यातून वर आलेली राखाडी-हिरवी पाती आणि एकच उमललेले फूल, बाकी कळ्या. इथे पार्श्वभूमी विरघळवू नका. एफ/८ ठेवा, म्हणजे उघडी झाडे ओळखू येतील. फूल चौकटीत लहान राहिले तरी चालेल.

कडाक्याचे दव गोठते त्या सकाळी डॅफोडिल देठासकट जमिनीवर लोळलेली दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, संपली. पण ऊन चढले की बहुतेक फुले पुन्हा उभी राहतात. ट्रायपॉड एका जागी रोवून आधी लोळलेल्या आणि मग उभ्या राहिलेल्या फुलांचा एकेक फोटो घ्या. दोन फोटो शेजारी ठेवले की त्यांना शीर्षकाची गरज उरत नाही.

चर्चच्या आवारात फोटो घेताना अलीकडच्या थडग्यांवरची नावे टाळा आणि कोणी आपल्या माणसाला भेटायला आले असेल तर कॅमेरा खाली करा.

पायरी ३: जागा आणि आठवडा निवडा

रानटी डॅफोडिल पाहायची तर अल्सवॉटरचा काठ आहेच. तिथला बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. जवळच रायडल गावी 'डोराज फील्ड' आहे. १८४७ मध्ये मुलगी डोरा वारली, तेव्हा वर्ड्‌स्वर्थ कुटुंबाने तिच्या आठवणीसाठी तिथे डॅफोडिल लावली. या जागेची गोष्ट माहीत असलेला माणूस तिथे वाऱ्याचा खेळकर फोटो काढणार नाही.

यॉर्कशरमधल्या फार्नडेल खोऱ्यात डव्ह नदीच्या काठाने लो मिलपासून पायवाट जाते आणि दोन्ही बाजूंना रानटी फुले असतात. ग्लॉस्टरशरमध्ये डिमॉक, केम्पली, ऑक्सनहॉल या गावांच्या परिसराला 'सोनेरी त्रिकोण' म्हणतात. एके काळी इथली फुले खुडून रेल्वेने मोठ्या शहरांकडे जात. १९५९ मध्ये प्रवासी वाहतुकीसाठी बंद झालेल्या त्या लोहमार्गाला लोक आजही 'डॅफोडिल लाइन' म्हणतात. इथला बहर उत्तरेपेक्षा आधी, मार्चमध्येच येतो.

शहरात राहणाऱ्यांनी यॉर्कच्या जुन्या तटबंदीखालचे उतार, लंडनचे सेंट जेम्स पार्क किंवा हॅम्प्टन कोर्टची बाग गाठावी. भारतातच राहणाऱ्यांसाठी श्रीनगरची ट्युलिप बाग आहे. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या बाजूला असलेल्या या बागेत ट्युलिपबरोबर डॅफोडिलचेही वाफे असतात आणि ती साधारण मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत खुली असते. काश्मिरी लोकांचे स्वतःचे नर्गिसही आहे, त्याला ते यंबरझल म्हणतात. महाराष्ट्राच्या मैदानी भागात मात्र कंद आणून लावायचा हट्ट करू नका. फूल धरायला कंदाला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते.

पायरी ४: उजेड

आपल्याकडे फोटोग्राफीचा पहिला धडा म्हणजे दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ७१ अंश वर असतो, तेव्हा तो धडा बरोबरच आहे. त्याच दिवशी अल्सवॉटरला तो जेमतेम ३५ अंशांवर येतो. म्हणजे तिथली दुपार आपल्या सकाळी नऊच्या आसपासच्या उन्हासारखी तिरपी असते. तेव्हा दुपार वाया गेली असे समजू नका.

तरी सगळ्यांत सुंदर डॅफोडिल दिसते ते मागून ऊन आल्यावर. पाकळ्या पातळ असतात, उजेड त्यांच्यातून आरपार येतो आणि फूल आतून पेटल्यासारखे दिसते. तुतारीच्या भिंतीवर आतल्या पुंकेसरांची सावली पडते. त्यासाठी सूर्य फुलाच्या मागे, पण चौकटीच्या बाहेर हवा. लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर हाताचा आडोसा करा. मागे सावलीतला काळपट भाग आला तर फरक आणखी उठतो. फुले बहुतेक उजेडाच्या दिशेला तोंड करतात, त्यामुळे मागून ऊन घेताना अनेक फुले पाठमोरी मिळतात. बाजूला वळलेले एखादे फूल शोधण्यात वेळ घालवा. तो वेळ सत्कारणी लागतो.

ढगाळ दिवस रानटी फुलांना चांगला. पावसानंतर पोलरायझर लावून ओल्या पातींवरची पांढरी चकाकी काढली की हिरवा रंग गडद होतो.

पहाटेचा बेत आखताना एक ध्यानात ठेवा: मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे तासभर पुढे जातात. आदल्या दिवशी सहाच्या सुमाराला होणारा सूर्योदय दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला होतो.

पायरी ५: पिवळा रंग सांभाळा

बहुतेक फोटो इथेच बिघडतात. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग मोजतो. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर, निळा जवळजवळ नाहीच. उन्हातल्या डॅफोडिलमध्ये लाल सगळ्यांत आधी काठोकाठ भरतो, आणि तो ओसंडला की पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या, तुतारीची झालर सगळे एकसारखे होऊन जाते. फुलाच्या जागी हळदीचा डाग उरतो.

त्यातून चौकटीत गडद गवत जास्त आणि फूल लहान असेल तर कॅमेरा गवत उजळायला बघतो आणि फूल जाळतो. अशा वेळी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ ते उणे १ करा. उलट फुलांनीच चौकट भरली असेल तर कॅमेरा तो उजळपणा दाबतो आणि रंग मळका, मोहरीसारखा येतो. तिथे अधिक ०.३ द्यावे लागते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, दिसतो, तो चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते पाहा. निळा डाव्या भिंतीला टेकला तर काळजी नको, पिवळ्यात तो तसाच असतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवून घेणे, आपोआपवर ठेवू नका. चौकटभर पिवळे पाहून कॅमेऱ्याला वाटते उजेडच पिवळा आहे आणि तो निळसरपणा मिसळतो. 'डेलाइट' किंवा ५२०० ते ५५०० केल्विनवर कायम ठेवा आणि शक्य असेल तर रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती कॅमेऱ्याने न बदलता साठवून, फोटो घ्या.

मोबाइलवर हेच थोडक्यात: फुलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतील, मग सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढा. रुंद कॅमेऱ्याऐवजी दुप्पट-तिप्पट जवळ आणणारा कॅमेरा वापरा. मोबाइल उलटा धरला की लेन्स जमिनीलगत येते आणि रानटी फुलाच्या उंचीवरून फोटो मिळतो. पोर्ट्रेट मोड डॅफोडिलला चालत नाही, तुतारीच्या झालरीच्या कडा तो कापून टाकतो.

पायरी ६: माणसे फुलांबरोबर, फुलांवर नव्हे

गुढीपाडवा डॅफोडिलच्या हंगामातच येतो आणि परदेशातल्या मराठी घरांत पाडव्याच्या कपड्यांवर फुलांत फोटो काढायची हौस असते. ती जरूर पुरवा. पण पिवळी साडी नको, ती फुलांत हरवते. जांभळी किंवा मोरपंखी पैठणी पिवळ्यासमोर खुलते.

मुलांना ताटव्यात बसवू नका. फूल गळल्यावरही कित्येक आठवडे पाती हिरवी राहून पुढच्या वर्षासाठी कंदात अन्न साठवतात. त्या पाती तुडवल्या की पुढच्या वसंतात त्या जागी फूल येत नाही. एका फोटोसाठी एवढी किंमत नको. मुलाला वाटेवर उभे करा, तुम्ही ताटव्याच्या या बाजूला वाटेवरच बसा आणि फुलांच्या उंचीवरून, मधली फुले धूसर ठेवून फोटो घ्या. मूल फुलांच्या मधोमध असल्यासारखे दिसते आणि एकही पात मोडत नाही.

फुले खुडू नका. ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतेही रानटी झाड मुळासकट उपटणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लहान मुले सोबत असतील तर आणखी एक: डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो, देठातल्या चिकाने कातडीला खाज सुटते. घरी फुलदाणीत विकतच्या डॅफोडिलचा फोटो काढायचा असेल तर त्यांना वेगळ्या पाण्यात ठेवा, त्यांच्या चिकाने शेजारची दुसरी फुले लवकर माना टाकतात.

पायरी ७: संगणकावर हात आवरता घ्या

घरी आल्यावर पहिला मोह होतो तो रंग वाढवायचा. डॅफोडिलला तो कधीच लागत नाही. उलट पिवळ्याची तीव्रता थोडी कमी करा आणि उजळपणा किंचित उतरवा, म्हणजे लपलेल्या शिरा परत दिसू लागतात. रानटी फुलात पाकळ्यांचा फिका आणि तुतारीचा गडद, असे दोन्ही पिवळे वेगळे राहिले आहेत का ते तपासा. एकच झाले असतील तर फेरफार जास्त झाला आहे.

गवताच्या हिरव्यातही पिवळा भरपूर असतो, त्यामुळे पिवळ्याची पट्टी सरकवली की गवतही बदलते. फुलांवर मास्क लावून, म्हणजे फक्त फुलांचा भाग निवडून, तेवढेच बदला. पातींचा मूळ रंग निळसर राखाडी-हिरवा असतो, तो पोपटी होऊ देऊ नका. थंडीचा फोटो असेल तर सावल्यांतला निळेपणाही तसाच ठेवा. पिवळ्यासमोर तोच गारवा दाखवतो.

छापून घ्यायचा असेल तर मोठा फोटो करण्याआधी एक लहान नमुना काढून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा. पडद्यावर झळाळणारा पिवळा कागदावर बऱ्याचदा हिरवट किंवा नारिंगी पडतो. हिरवट पडला असेल तर पिवळ्याची छटा नारिंगीकडे अगदी थोडी सरकवा, नारिंगी पडला असेल तर उलट, आणि पुन्हा नमुना काढा. चकचकीत कागदापेक्षा या फुलाला खरखरीत मॅट कागद मला जास्त आवडतो, कारण त्यावर पाकळीचा पातळपणा टिकतो.